रेड वाइन बिघडलीय? नाकाला विचारा!

डाळीच्या डब्याचं झाकण उघडलं की आतली डाळ चालेल की आधी उन्हात घालायला हवी, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. दूध नासणार याचा अंदाज ते तापायच्या आधीच येतो. लोणच्याच्या बरणीत बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. इडलीचं पीठ नीट आंबलंय की हाताबाहेर गेलंय, तूप जुनं झालंय का, पापडाचा डबा दमट लागला का, हे सगळं आपण रोज हुंगून ठरवतो आणि त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही. हेच काम वायनरीत बसून केलं की त्याचा पगार मिळतो!

मैत्रिणींनो, विषय बघून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः गेली बारा वर्षं आमच्या गावातल्या कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्या बायकांच्या तोंडी नवऱ्याची दारू नाही, असा आठवडा जात नाही. तेव्हा पिण्याची भलामण माझ्याकडून होणार नाही. 'रेड वाइन हृदयाला चांगली असते' हे वाक्य हल्ली आपल्या भिशीतही ऐकू येतं, त्यावरही विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की, मद्याचं असं कुठलंही प्रमाण नाही जे आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल. गरोदर बायकांनी तर या वाटेला जाऊच नये.

पण बाटली घरात येते, हेही खरं आहे. दिवाळीच्या भेटीच्या खोक्यातून येते, पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा घेऊन येतो, नाताळच्या केकसाठी जाऊबाई मागवतात. आणि आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात तर ती शेतातून येते. त्यामुळे तिच्याकडे बघायचंच नाही, असं म्हणून आम्हाला भागत नाही.

थोडं मागचं सांगते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी धोरण आणलं. आमच्या तालुक्यात विंचूरला आणि तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. खायच्या द्राक्षाला भाव मिळेल की नाही याची दरवर्षी धाकधूक, त्यापेक्षा वायनरीशी करार बरा, म्हणून पुष्कळांनी वाइनची द्राक्षं लावली. माझ्या माहेरी भावाने दोन एकर शिराझ लावलं. लहान मणी, जाड साल, आत बिया. खायला घेतलं तर तुम्ही दुसरा मणी तोडणार नाही. मग २००८ ची मंदी आली, मागणी घसरली, कितीतरी लहान वायनऱ्या अडचणीत आल्या. टाक्यांत वाइन पडून राहिली आणि शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. वाढवलेल्या वेलीच्या बुंध्यावर कुऱ्हाड चालवताना मी माझ्या भावाला पाहिलं आहे. त्यामुळे एखादी बाटली आंबट लागली म्हणून कुणी 'नाशिकची वाइन ना, ती अशीच!' असं म्हटलं की मला राहवत नाही. बाटली कुठे ठेवली होती, किती दिवस ठेवली होती, वास कसला येतोय, हे विचारल्याशिवाय दोष शेतकऱ्याच्या माथी कसा मारायचा?

गंमत म्हणजे त्याच भावाची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आज एका वायनरीच्या प्रयोगशाळेत आहे. वडिलांनी वेली काढल्या, लेक टाक्यांचे नमुने तपासते. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं तिच्याकडून कळलं आणि नंतर मी वाचून पडताळलं.

सुरुवात डोळ्यांपासून करू या, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाच्या आतल्या टोकाला साखरेसारखे, काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे कण दिसतात. आमच्या ओळखीच्या एका घरात 'काच आहे' म्हणून अख्खी बाटली मोरीत ओतली होती. ती काच नसते. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, आपल्या चिंचेतही असतं तेच. वाइन थंड झाली की त्याचे क्षार खडे होऊन खाली बसतात. हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरतो ते तुम्ही पेपरात वाचताच. तशा गारठ्यात ठेवलेल्या बाटलीत असे खडे होणारच. केकसाठी अंड्याचा पांढरा भाग फेटताना जी 'क्रीम ऑफ टार्टार' पूड घालतात, ती याच खड्यांपासून बनते. बोटांत धरून दाबा, काचेसारखे टोचत नाहीत, पाण्यात हळूहळू विरघळतात. तसाच जुन्या रेड वाइनच्या तळाचा काळसर गाळ. तो द्राक्षाच्या सालीचा रंग आणि तुरटपणा एकत्र येऊन बसलेला असतो. बाटली उभी ठेवावी, वरची वाइन हलकेच ओतून घ्यावी, झालं. ग्लासात बुचाचे दोन तुकडे तरंगले तर तोही बिघाड नाही, चमच्याने काढून टाका.

आता खरा बिघाड.

गेल्या वर्षी नणंदेच्या घरी सगळे जमलो होतो. तिच्या जावयाने दिल्लीहून बाहेरच्या देशातली, चांगली महागाची बाटली आणली होती. पुरुषमंडळींनी घोट घेतले, एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. 'रेड वाइन अशीच लागते, सवय व्हावी लागते', असं एकाने ज्ञानही दिलं. नणंदबाईंनी आयुष्यात वाइन चाखलेली नाही. ग्लास भरून ट्रेमध्ये ठेवताना वास आला तेवढाच. त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, याला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय हो. पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्यांना येतो ना, तस्सा." माझी भाची शेजारीच होती. तिने ग्लास उचलून हुंगला आणि म्हणाली, "आत्या, यांचं बरोबर आहे. ही बुचाने बिघडलेली आहे." सातवी शिकलेल्या बाईने जे ओळखलं ते सांगायला तिला कुजबुजावं लागलं, आणि ज्यांना कळलं नाही ते मोठ्याने बोलत होते. असो.

तर हा बुचाचा दोष. बूच हे एका प्रकारच्या ओक झाडाची साल. जगातलं सर्वाधिक बूच पोर्तुगालमध्ये तयार होतं. सालीवर बुरशी वाढली आणि तिला क्लोरीनची काही संयुगं मिळाली की त्यापासून एक रसायन तयार होतं. ट्रायक्लोरोअॅनिसोल असं त्याचं लांबलचक नाव. नुसतं टीसीए म्हणतात. वाइन या रसायनामुळे बिघडते हे १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढं असलं तरी नाकाला कळतं. ओला पुठ्ठा, तळघर, कुबट फडकं असा वास. दोष कमी असेल तर कुबट वास येतही नाही, पण फळाचा वासच नाहीसा होतो आणि वाइन मुकी लागते. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये याचं कारण शोधलं. टीसीए नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींनाच मंद करतं. म्हणून पहिल्या हुंगण्यावर विश्वास ठेवायचा. चारदा हुंगलं की नाक सरावतं आणि मग आपणच म्हणतो, 'छे, ठीक आहे की!' अशी वाइन प्यायल्याने अपाय होत नाही, पण स्वयंपाकातही ती वापरू नये. पदार्थाला कुबटपणा लागू शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं पत्र्याचं झाकण असतं. ते स्वस्तातलं काम आहे असा समज आहे, पण या दोषापुरतं तरी ते बुचापेक्षा भरवशाचं.

आपल्या भागात मात्र बुचापेक्षा मोठा शत्रू म्हणजे ऊन. वाइन बारा ते पंधरा अंशांत सुखात राहते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठली जाते, विदर्भात तर पंचेचाळीस. वायनरीतून बाटली उत्तम निघाली तरी तापलेल्या ट्रकमध्ये दोन दिवस, मग दुकानाच्या दर्शनी काचेत रस्त्याकडे तोंड करून सहा महिने, वर रात्रंदिवस दिवा! तिचं काय होणार? माझ्या समोरच एका दुकानात पश्चिमेच्या काचेला लावून बाटल्यांची आरास केलेली असते. चार वाजता त्या काचेला हात लावला तर चटका बसतो. अशी वाइन शिजते. ताज्या द्राक्षाचा, जांभळाचा वास जाऊन उकळलेल्या मुरांब्याचा, करपत आलेल्या गुळाचा, शिजवलेल्या मनुकांचा वास येतो. चव बोथट होते.

ही खूण बाटली न उघडताही सापडते, आणि विकत घेताना तीच उपयोगाची. बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा. आतली वाइन तापून फुगली की बुचाला वर ढकलते; बूच काठाच्या वर आलं असेल, गळ्यावरचं आवरण फुगलं असेल, त्याखालून चिकट ओघळ आलेला असेल, तर ती बाटली परत ठेवा. गळ्यातली वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तरीही नको. आणि काचेतली, दिव्याखालची बाटली न घेता आतल्या खोक्यातली मागा. आपण साडी घेताना घडीची मागतोच ना! घरी आणल्यावरही ती ओट्यावर, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. फ्रिजच्या वरचा भाग किती गरम असतो, ते पुसताना आपल्याला कळतंच.

तिसरा शत्रू हवा. कापलेलं सफरचंद जसं तांबूस पडतं तसंच वाइनचं होतं. कोवळ्या रेड वाइनचा रंग जांभळट लाल असतो. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. दोन-तीन वर्षांच्या वाइनची कड विटकरी किंवा तपकिरी दिसली आणि वास दबलेल्या सफरचंदाचा, शिळ्या सुक्या मेव्याचा आला, तर हवा आत शिरली आहे. दहा-पंधरा वर्षांच्या वाइनची कड विटकरी असणं मात्र वयाचं लक्षण. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसच बरी राहते. केकसाठी अर्धी वापरून उरलेली पुढच्या नाताळापर्यंत ठेवणाऱ्या एक-दोघी मला माहीत आहेत!

हवेबरोबर व्हिनेगर करणारे जिवाणू आले की वाइनचं ॲसिटिक आम्ल होतं. थोडंसं सगळ्याच वाइनमध्ये असतं. पण नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास, किंवा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा उग्र वास आला, घशाला चरचरलं, तर ती वाया गेली. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न इतका मोठा झाला की १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चर यांना तपास करायला सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की वाइनचे 'रोग' सूक्ष्मजीवांमुळे होतात आणि पन्नास-साठ अंशांपर्यंत थोडा वेळ तापवलं तर ते मरतात. त्यांचं वाइनवरचं पुस्तक १८६६ चं. दुधाच्या पिशवीवर आपण रोज 'पाश्चराइज्ड' वाचतो, त्याचा प्रयोग दुधाच्या आधी वाइनवर झाला होता.

काही वास भयंकर वाटतात पण दुरुस्त होतात. बाटली उघडताच उकडलेल्या अंड्याचा, नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा किंवा कोबी शिजतानाचा वास आला तर तो गंधकाचा प्रकार. वाइन एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दोनदा ओतावी, अर्धा तास ठेवावी, बऱ्याचदा जातो. तरी शंका राहिली तर ग्लासात चमचाभर वाइन घेऊन त्यात चिंचेने लख्ख घासलेला तांब्याचा तुकडा फिरवायचा. तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं आणि अंड्याचा वास पळतो. मात्र हा घोट परीक्षेपुरता, नंतर फेकून द्यायचा. आंबट वस्तू तांब्या-पितळेत ठेवली की कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं.

गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास येत असेल तर ते ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचं काम. १९०४ मध्ये ते एका डॅनिश संशोधकाने इंग्लिश बिअरमध्ये शोधलं, म्हणून नावात ब्रिटन. याचा हलकासा वास काही शौकिनांना आवडतो म्हणे. मला विचाराल तर गोठा गोठ्यातच बरा. आणखी एक चमत्कारिक दोष म्हणजे उंदराचा वास. हा हुंगून कळतच नाही. वाइनच्या आंबटपणात तो दबलेला असतो. घोट घेतल्यावर लाळेत मिसळला की काही क्षणांनी जिभेच्या मागे उंदराच्या बिळासारखा दर्प येतो. भाचीने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना, पण या दोषात सापडणाऱ्या रसायनांपैकी एक तेच आहे, ज्यामुळे बासमती तांदळाला सुगंध येतो! भातात हवंहवंसं, वाइनमध्ये नकोसं.

साध्या रेड वाइनला बुडबुडे येत असतील, जिभेवर सोड्यासारखी चुरचुर होत असेल आणि ती गढूळही असेल, तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू झालं आहे. उन्हाळ्यात उसाच्या रसाची बंद बाटली फसफसते तोच प्रकार. मुद्दाम बुडबुड्यांची बनवलेली वाइन वेगळी. तिच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

आता एक गोष्ट मला फार जोर देऊन सांगायची आहे. वर सांगितलेल्या बहुतेक दोषांनी वाइन बेचव होते, विषारी होत नाही. आणि जी दारू खरोखर जीव घेते, तिच्यापुढे आपलं नाक काहीच करू शकत नाही. गावठी किंवा बनावट दारूत मिसळलेलं मिथेनॉल वासाने, चवीने ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली. प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे धुकं, अंधारी, उलट्या, पोटात दुखणं, धाप अशी लक्षणं दिसली तर 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून झोपू देऊ नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा. लाजेपायी उशीर होतो, त्यात डोळे जातात, माणूस जातो. म्हणून सील तुटलेली, लेबल वाकडं चिकटवलेली, बिल न देता विकलेली बाटली कितीही स्वस्त मिळो, ती घरात येऊ देऊ नका. कुणी 'घरची वाइन' म्हणून प्लास्टिकच्या बाटलीतून आणून दिली तरी नको.

सरळ दुकानातून, बिल घेऊन आणलेली बाटली बिघडलेली निघाली तर काय करायचं? सगळी ओतून रिकामी करू नका. दोन घोटांत कळतंच, बाकीची तशीच बंद करून ठेवा, बूच आणि बिल जपून ठेवा. पहिल्यांदा दुकानदाराकडे जा. तो ऐकेलच असं नाही. मग लेबलवर ग्राहकसेवेचा पत्ता, फोन असतो, तिथे बॅच क्रमांक कळवा. भाची म्हणते, वायनरीला अशा तक्रारी हव्याच असतात. एकाच बॅचच्या तीन तक्रारी आल्या की दोष टाकीतला की वाटेवरचा, हे शोधता येतं. 'खराब आहे' एवढंच न सांगता 'मुरांब्यासारखी लागते' किंवा 'ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो' असं सांगा, त्यावरून तिला निम्मं कळतं. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाइनच्या बाटलीसाठी ग्राहक म्हणून फोन करायला बाईने संकोचायचं कारण नाही. सातशे-आठशे रुपये घरातलेच गेलेले असतात.

नणंदबाईंनी ती दिल्लीची बाटली शेवटी जावयाकडूनच दुकानाला कळवायला लावली. पैसे मिळाले नाहीत, दुसरी बाटली आली. ती कशी होती ते मी विचारलं नाही. मात्र ग्लासात ओतल्यावर सगळे आधी त्यांच्याकडे बघत होते, असं भाची सांगत होती.